गुरू कोणत्या यादीत

आकाशाकडे मान वर करून पाहणं ही मानवजातीची सगळ्यांत जुनी प्रार्थना आहे, असं वाक्य नझीह नज्जारने आपल्या भाषणाच्या सुरुवातीसाठी तयार केलं होतं. वाक्य त्याला पसंत होतं. आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा तर ते कुणा दुसऱ्याच, आपल्यापेक्षा मोठ्या माणसाने म्हटल्यासारखं वाटलं होतं. वस्तुस्थिती अशी, की बैरुतच्या डोक्यावर टेकडीला चिकटून असलेल्या त्याच्या गावात माणूस मान वर करतो तो एसीचं पाणी नेमकं कुणाच्या बाल्कनीतून ठिबकतंय ते बघायला. शेजारच्या देशाचं ड्रोन घरघरायला लागलं की पूर्वी बघायचे. पण लोकांनी त्याला 'उम्म कामिल' असं एका म्हातारीचं नाव देऊन टाकल्यापासून तेवढ्यासाठीही कुणी तसदी घेत नाही. 'आली वाटतं म्हातारी' म्हणतात आणि कपडे वाळत घालत राहतात. तर ती सगळ्यांत जुनी प्रार्थना खिशात घालून नझीह त्या सकाळी बुर्ज हम्मूदमधल्या अवेदिसच्या छापखान्यात उभा होता. अवेदिसने पेन ड्राइव्ह लावला, चित्र उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि सिगारेटची राख बशीत झटकत सहज विचारलं, "उमेदवार कोण?"

एवढंच झालं. लिफ्टमध्ये असताना वीज गेली की थांबण्याआधी लिफ्ट बोटभर खाली सरकते. पोटाला ते आधी कळतं आणि डोक्याला मागाहून. तसं काहीसं नझीहच्या पोटाला कळलं. पडद्यावर गुरू होता. म्हणजे गुरूचा काळोख होता, आणि त्या काळोखाच्या माथ्यावर, टोपी तिरकी बसावी तसं, नारंगी प्रकाशाचं एक लांबट कडं. कड्याच्या बाहेर, जरा लांब, एक ठिपका. त्याच्यामागे पुसट शेपटी. गुरूच्या ध्रुवावरचा अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. पृथ्वीवरचा अरोरा बघायला लोक गरम कपडे घालून उत्तरेकडे जातात, कधी दिसतो, कधी नुसतीच सर्दी होऊन परत येतात. गुरूवरचा कधी विझत नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या नझीहने आपल्या नोकरीच्या आयुष्याची वीस वर्षं ह्या कड्याला दिली होती, आणि ज्या लोकांत तो जन्मला, वाढला, टक्कल पडेपर्यंत राहिला, त्यातल्या, आई सोडली तर, एकानेही ते पाहिलेलं नव्हतं. ते परवा नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर, दोन मजले उंच, लागणार होतं. शाळांसाठी विज्ञानाचा आठवडा होता. तोच आठवडा निवडणुकीचाही होता, हे त्याच्या कानावर आलेलं होतं; पण त्याचा गुरूशी काही संबंध असेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

"उमेदवार नाही, अवेदिस. ग्रह आहे. गुरू."

"असू दे ना ग्रह. उमेदवारांची यादी कुठली, कुठल्या पक्षाची?"

"कुठलीच नाही."

"उस्ताज, तू मला खुळी समजतेस की स्वतः खुळी आहेस?" अवेदिस जन्माने इथलाच, पण घरात आर्मेनियन, अरबीत तो जगातल्या सगळ्या पुरुषांशी स्त्रीलिंगात बोलतो आणि तोल सांभाळायला स्वतःबद्दलही. मंत्र्याशीही तसाच बोलतो. आजवर कुणी त्याला सुधारायला गेलेलं नाही. "मागे वळून बघ. महिनाभर ह्या मशिनीतून हाच रंग निघतोय. शाईचा डबा बदलायचीही गरज नाही. तुझी ती ग्रह ह्याच डब्यातून निघणार."

नझीह वळला. मागच्या तारेवर फ्लेक्स सुकत होते. दाट केसांचा एक माणूस आठ ठिकाणी हसत होता, आणि त्याच्यामागचा नारंगी रंग गुरूच्या कड्याच्या नारंगीशी इतका जुळत होता, की नझीहला क्षणभर त्या माणसाचाच राग आला. वीस वर्षं. वीस वर्षं त्याने गुरूला नारंगी पाहिलं होतं, काही नातेवाइकांना आपण टोपीशिवाय कधी पाहिलेलं नसतं तसं. नारंगी कुठून आला? परदेशात ज्यांच्या हाताखाली त्याने पीएच. डी. केली ते गृहस्थ तापलेल्या लोखंडाचे रंग वापरायचे. काळा, लालसर, नारंगी, पिवळट पांढरा. त्यांनी ते का निवडले होते? तर त्यांच्या यंत्रावर ते आपोआप यायचे. इतकी वर्षं ही गोष्ट निरुपद्रवी होती. ज्या प्रकाशात हे चित्र घेतलेलं आहे तो अवरक्त, माणसाच्या डोळ्यांच्या हद्दीबाहेरचा. गुरूच्या वातावरणातला मिथेन तिथे सूर्याचा उजेड गिळून टाकतो, म्हणून ग्रह विझतो आणि फक्त ध्रुव पेटलेले राहतात. तिथे माणूस नेऊन उभा केला, उभं राहायला जमीन नाही ही गोष्ट सोडून देऊ, तरी त्याला ह्या प्रकाशातलं काहीही दिसणार नाही. ज्याला रंगच नाही त्याला एका परदेशी माणसाच्या यंत्राने रंग दिला, तो नझीहने न विचारता घेतला, आणि तो नेमका आपल्या गावच्या एका पक्षाचा निघाला. आकाशगंगेत ह्यापेक्षा विचित्र गोष्टी घडत असतील, पण त्यांना मतदान केंद्र नसतं.

फोन वाजला. इल्हाम होती. इल्हाम नगरपालिकेच्या सांस्कृतिक समितीची अध्यक्ष, शाळेपासून त्याच्या वर्गातली, आणि तेव्हापासूनच वर्गप्रमुख. सकाळी त्याने तिला चित्र पाठवलं होतं, कौतुकाच्या अपेक्षेने.

"नझीह, माझ्या राजा, हे काय पाठवलंयस?"

"अरोरा."

"सुंदर आहे. नेत्रसुखद. तुझी कमाल आहे. आता रंग बदल."

"इल्हाम, हा रंग म्हणजे फक्त..."

"मला माहितीय तो फक्त काय आहे ते. तो फक्त आपल्या वर्गातल्या बुत्रुसचा भाचा उभा आहे त्या पक्षाचा रंग आहे. मला चित्र नको आहे असं नाही रे. मला फोन नको आहेत. संध्याकाळपर्यंत निःपक्षपाती काहीतरी दे, नाहीतर मी देवदाराचं झाड लावते."

"देवदार तीन पक्षांच्या चिन्हात आहे."

"म्हणून तर चालतो," इल्हाम म्हणाली आणि फोन ठेवला.

अवेदिसने कॉफी मागवली. नझीह स्टुलावर बसला आणि पडद्यावरच्या रंगपट्टीकडे बघत राहिला. आपल्यासमोर लाखो छटा आहेत असं यंत्र म्हणत होतं. यंत्र बाहेरगावचं होतं. पिवळा घ्यावा, तर विमानतळाच्या रस्त्यावर जाऊन बघा कुणाचा आहे तो. हिरव्याला निदान पृथ्वीवरच्या अरोराचा आधार आहे, पण त्या हिरव्याचे मालक आपल्या रंगाचा असा गौरव झालेला बघून मिरवणूक काढतील आणि पिवळेवाले विचारतील आमचं काय. निळ्याचा पक्ष गेली काही वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे. पण आजारी माणसाच्या वस्तूंना घरात कुणी हात लावत नाही, उलट जास्तच जपतात. लाल दोघांचा. ते दोघं एकमेकांचं नाव घेत नाहीत. जांभळा चौकातल्या आंदोलनाच्या पोरांनी घेतला, नंतर पोरांचे तीन गट झाले, तिघांनीही जांभळा स्वतःकडे ठेवला. उरला गुलाबी. गुलाबीकडे नझीहचं मन जरा ओढलं गेलं, कारण हायड्रोजन पेटला की खरोखर गुलाबीच दिसतो. प्रयोगशाळेतल्या नळीत तो पोरांना दर वर्षी दाखवतो, आणि गुरूच्या रात्रीच्या बाजूला डोळ्यांना दिसू शकेल असा जो थोडा अरोरा आहे तो त्याच जातीचा. पण मुख्तारच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, बायकोच्या ब्यूटी पार्लरची पाटी गुलाबी आहे, पार्लर नगरपालिकेच्या बरोबर समोर आहे, आणि मुख्तार स्वतः निवडणुकीला उभा आहे. म्हणजे ह्या छोट्याशा देशात प्रकाशाच्या वर्णपटाची वाटणी पूर्ण झालेली होती. जमीन वाटून झाली, खाती वाटून झाली, समुद्रकिनारा वाटून झाला; सूर्याचा किरण लोलकातून आत येतो तो बाहेर पडताना सात माणसांच्या खिशात जातो, आणि नझीह इतकी वर्षं पोरांना शिकवत आला होता की तो भिंतीवर पडतो.

आणि ह्या सगळ्यात नवीन काय होतं? निःपक्षपाती काहीतरी दे, हे वाक्य तर त्याच्या पाळण्यावरच लिहिलेलं होतं. नझीह, म्हणजे निःपक्षपाती, हे नाव वडिलांनी पारखून घेतलं होतं, दोन्हीकडच्या दाढीवाल्यांना चालेल असं. नज्जार हे आडनावही तसंच, सुताराचं. सुतार सगळीकडे असतात. त्यामुळे नवा माणूस भेटला की धर्माचा अंदाज घ्यायला आधी नाव विचारतो, मग जरा गोंधळून मूळ गाव विचारतो, आणि नझीह गावाचं नाव न सांगता जिल्हा सांगतो, मग तो माणूस हसून विचारतो, "आणि आजोळ?" वडील टायर विकायचे. युद्धाच्या दिवसांत शहराच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात माल पोचवायचा म्हणजे चौक्या ओलांडायच्या. त्यांच्या मोटारीच्या पुढच्या कप्प्यात अख्खा देश ठेवलेला असायचा: दोन प्रकारच्या जपमाळा, एका संताचं चित्र, घडी घातलेलं हिरवं फडकं, आणि निरनिराळ्या नेत्यांचे फोटो, पत्त्यांसारखे. चौकी दिसली की योग्य ती वस्तू आरशाला लटकायची. "रंग अंगाला लागू द्यायचा नाही," वडील म्हणायचे, "हातात धरायचा आणि पुढे गेल्यावर ठेवून द्यायचा." एकदा विसरले. मागच्या चौकीचा संत पुढच्या चौकीपर्यंत तसाच लोंबत आला. मागच्या सीटवर नझीहच्या जिभेला तांब्याची चव आली. ती चव त्याला अजून येते, परीक्षकांसमोर, दवाखान्यात, पासपोर्टच्या रांगेत, आणि आत्ता ह्या स्टुलावर. बंदूकवाल्याने आत डोकावून संताकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि एक टायर मागितला. वडिलांनी दोन दिले. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, आणि पुन्हा कधी त्या प्रसंगाबद्दल बोलले नाहीत. नझीह मोठा झाला तो हे शिकून, की माणसाला खरं संरक्षण अंतराचं असतं. सगळ्यांपासून सारखं अंतर. मग त्याने गुरू निवडला, ह्यात मानसशास्त्रज्ञाला बोलावण्यासारखं काही नाही.

पण गुरू तसा नव्हता. तो अलिप्त नव्हता, हीच तर गंमत होती. आयो नावाचा एक चंद्र त्याच्याभोवती फिरतो, ज्वालामुखींनी फोडून काढलेला. तो सतत गंधक ओकतो, आणि गुरू ते आपल्या चुंबकाच्या जोरावर ओढून घेऊन गरागरा फिरवतो, त्यातून वीज निर्माण होते आणि ध्रुवावर कडं पेटतं. सूर्याने काही पाठवलं नाही तरी चालतं. आणि आयो जिथे जिथे जाईल तिथे तिथे, इतक्या लांबून, गुरूच्या अंगावर त्याचा एक ठिपका उमटतो. चंद्राचं पाऊल म्हणतात त्याला. चंद्र पुढे सरकतो, पाऊल पुढे सरकतं. अंतर राखून काही सुटका होत नाही, असा त्याचा अर्थ कुणाला लावायचा असेल तर लावता येईल. नझीहने शोधनिबंधात लावला नव्हता.

ते चित्र घेतलं तो दिवस त्याला आठवला. खरं म्हणजे आठवला नाही, कोशाच्या, म्हणजे लहानशा दुधीसारख्या फळाच्या, भाजीचा वास आला. दुर्बीण पॅसिफिकमधल्या एका बेटावर, ढगांच्याही वर. तिथली मध्यरात्र म्हणजे इथली स्वयंपाकाची वेळ, आणि दुर्बीण चालवायला आता तिथे जावं लागत नाही. नझीह स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसला होता, कारण इंटरनेट फक्त तिथेच नीट यायचं. समोर आई कोशाची लहान लहान फळं कोरत होती, भात-खिमा भरण्यासाठी. लांब सुरीसारखं हत्यार आत घालून फिरवायचं आणि गर बाहेर काढायचा, साल न फोडता. तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. पलीकडचा दुर्बीण चालवणारा माणूस काही विचारत होता आणि नझीह उत्तर देत होता, तेवढ्यात जनरेटरची वेळ संपली. दिवा गेला, फ्रिज थरथरून गप्प झाला. फोनवरून कशीबशी जोडणी परत आली तेव्हा तो माणूस शांतपणे म्हणाला, "गुरू ठीक आहे. तुम्ही ठीक आहात ना?" मग एकामागून एक चित्रं उतरायला लागली, ओळी ओळींनी, वरून खाली, तळघराचं शटर कुणी ओढत असल्यासारखी. रंग नंतर चढवायचे असतात. ती आली तशी होती, राखेच्या छटांची. आईने मान तिरकी केली.

"हे काय आहे?"

"गुरू. आत्ताचा."

"आत्ताचा?"

"पाऊण तासापूर्वीचा. उजेडाला यायला तेवढा वेळ लागतो."

"म्हणजे आपल्या सरकारी विजेपेक्षा बरा," आई म्हणाली. मग पुढे वाकली. "ही वाटोळी ओळ कळली. हा बाहेर डाग कसला? काच पुसत नाहीस का रे कधी?" आणि तिने ओला अंगठा पडद्यावर घासला. डाग गेला नाही. तिने पदराने, म्हणजे ॲप्रनच्या टोकाने, पुन्हा पुसलं. डाग तिथेच होता. त्याच्यामागे शेपटी होती. आणि नझीहला कळलं की हे पाऊल आहे, आपण इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते, स्वच्छ, कड्यापासून सुटं. मांडीवरचे केस उभे राहिले. आईने त्याच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "ते खरंच तिथे आहे?" तो 'हो' म्हणाला. "बरं," ती म्हणाली, आणि बराच वेळ कोशा हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "तूच मला मातीत पुरावंस." आमच्याकडे आया मुलांना लाडाने हेच म्हणतात, ज्याच्याशिवाय जगणं नको त्याला. गेल्या हिवाळ्यात नझीहने तिचं ऐकलं.

कॉफी गार झाली होती. अवेदिस एका नारंगी फ्लेक्सला दोरासाठी भोकं पाडत होता. नझीहने स्टूल पुढे ओढलं आणि रंगपट्टी बंद करून टाकली. पडद्यावरचं नारंगी गळून पडलं. कडं राहिलं, ठिपका राहिला, शेपटी राहिली, सगळं करडं. लगेच त्याच्या मनात जी शंका आली ती फार जुन्या ओळखीची होती. हा पुन्हा तोच कप्पा नाही ना? चौकी आली म्हणून संत काढून ठेवणं नाही ना? करडा म्हणजे कुणाचाच नाही, म्हणजे वडिलांचा. जिभेवर तांब्याची चव आली. तो त्या चवीसकट बसून राहिला आणि स्वतःला प्रश्न विचारत गेला, जसे तो विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत विचारतो, दया न दाखवता. निवडणूक नसती तर हे चित्र तू करडं लावलं असतंस का? नाही, नारंगी लावलं असतं. मग? मग नारंगी हा आळस होता, आणि भीतीने तो आळस उघडा पडला, इतकंच. भीतीने दार उघडलं म्हणून दारापलीकडची खोली खोटी ठरत नाही. करड्यातली प्रत्येक छटा म्हणजे एक मोजलेली संख्या आहे. इथे इतका उजेड आला, इथे इतका. त्यात कुणी काही घातलेलं नाही आणि काढलेलं नाही. आईने पाहिलं तेव्हा ते असंच होतं आणि तिला तो डाग असाच सापडला होता, कुठल्याही तापलेल्या लोखंडाशिवाय. मी ते लपवायला करडं करत नाहीये. उघडं करायला करतोय. उत्तर पटण्यासारखं होतं. परीक्षकाने ते पटवून घेतलं, आणि नझीह असा उठून उभा राहिला, की स्टूल पडलं.

"असंच छाप."

अवेदिसने येऊन पाहिलं. चष्मा खाली घेतला, परत वर केला.

"करडं?"

"करडं."

"भिंतीवर? दोन मजले?"

"हो."

"उस्ताज, ऐक. मी तुझी दुश्मन नाही. काळं-पांढरं आपल्याकडे एकाच कामाला छापतात." त्याने दाराबाहेरच्या विजेच्या खांबाकडे हात केला. खांबावर नेहमीसारखी मयताची पत्रकं चिकटवलेली होती, एकावर एक, लांबट चौकटीतले गंभीर चेहरे. "लोक खाली उभी राहून नाव वाचायला बघतील. तुझ्या आईची मीच छापली होती. आठवतेय ना?"

"आठवतेय."

"मग?"

"मग छाप."

अवेदिसला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने सिगारेट विझवली. "काळी किनार तरी नको ना?"

"नको. खाली 'गुरू, उत्तर ध्रुव' लिही. आणि काही नाही."

"दफन कुठे ते?"

"अवेदिस."

"विचारून ठेवलेली बरी," अवेदिस म्हणाला, आणि त्याने मशीन चालू केलं. गुरू वरून खाली, ओळी ओळींनी बाहेर यायला लागला. शाईचा वास गोड होता. नझीहने इल्हामला फोन केला.

"करडा?" ती म्हणाली. "शाब्बास. मला सुचायला हवं होतं. कुणाचाच नाही."

"कुणाचाच नाही म्हणून नाही, इल्हाम. तो तसाच आहे म्हणून."

"बरं बाबा. कारण तुझं तू ठेव, चित्र मला दे."

फोन ठेवल्यावर ह्या वाक्याने त्याला थोडं टोचलं. कारण आपलं आपण ठेवायचं, म्हणजे परत कप्प्यातच. म्हणून त्याने ठरवलं, की चित्र लागेल तेव्हा आपण खाली उभं राहायचं आणि जो कुणी विचारेल त्याला सांगायचं. भाषण नाही. ते जुन्या प्रार्थनेचं वाक्य त्याने फाडून अवेदिसच्या बशीत टाकलं.

गुरुवारी सकाळी नगरपालिकेच्या माणसांनी शिडीवरून दोर सोडले आणि गुरू वर गेला. वारा होता, फ्लेक्स फुगायचा आणि कडं हलायचं, जणू खरंच काही जळतंय. नझीह कॉलेजला रजा टाकून पार्लरच्या समोर, फुटपाथवर उभा राहिला. उन्हात करडं चित्र आश्चर्य वाटावं इतकं ठळक दिसत होतं. आजूबाजूच्या भिंतींवर इतके रंग ओरडत होते, की डोळा आपसूक तिथे जाऊन टेकायचा. अवेदिसचं म्हणणं अर्थातच खरं ठरलं. काकडीवाल्याने गाडी थांबवली, टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. गुरू आहे, ग्रह. तो त्याच्या डोक्यावरचा उजेड."

"देव त्याला शांती देवो," काकडीवाला सावधपणे म्हणाला आणि पुढे गेला. एका बाईने छातीवर क्रुसाची खूण केली, तिच्या मागून आलेल्या दुसऱ्या बाईने ओठांतल्या ओठांत वेगळंच काही म्हटलं. चौकट नाही, नाव नाही, धर्म नाही, अशी मयताची नोटीस गावात पहिल्यांदाच लागली होती, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने निभावून नेलं. नझीहने दोघींनाही सांगितलं. पार्लरमधून डोक्याला फॉइल गुंडाळलेली एक मुलगी बाहेर आली, तिला सांगितलं. एका निवृत्त शिक्षकाने त्याला तपशिलात पकडण्याचा प्रयत्न केला, त्याला पुन्हा सांगितलं. त्याचा घसा बसत चालला होता आणि तांब्याची चव कुठे नव्हती. मग जनरेटरवाला अबू रमझी आला. अर्ध्या गावाची वीज त्याच्या हातात. त्यामुळे कुठलाही उजेड तो धंद्याच्या नजरेने बघतो.

"हे सतत पेटलेलं असतं म्हणतोस?"

"सतत."

"मध्ये जात नाही?"

"कमी-जास्त होतं. जात नाही."

"जनरेटर कुणाचा?"

"त्याचाच. ग्रह फिरतो ना, त्या फिरण्यावरच चालतो."

"आणि डिझेल?"

"एक चंद्र आहे. तो आपल्यातलं काढून देत राहतो. तो बाहेरचा ठिपका दिसतोय? ते त्याचं पाऊल."

अबू रमझीने हात डोळ्यांवर धरला. मान मागे टाकली. त्याच्या हनुवटीखालची जाड वळी सपाट झाली. इतका वेळ त्याला कुणी वर बघताना पाहिलं नसेल. "दिसलं," तो शेवटी म्हणाला. "चालतंय की ते." त्याने मागे न वळता नझीहच्या दंडाला धरलं. "कधीपासून?"

"कुणाला माहीत नाही. आपण बघायला लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून."

"आणि हे खरं आहे? म्हणजे तू काढलेलं नाहीस?"

"मी फक्त पाहिलं."

अबू रमझीने दंड सोडला नाही. कॉलेजातून फोन आला, तो नझीहने उचलला नाही. शाळेच्या बस वळणावर दिसायला लागल्या होत्या, आणि तो पहिल्या बसच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

शुक्रवारी दुपारी सगळ्या पक्षांनी मिळून एकच यादी जाहीर केली. समोर कुणीच उभं न राहिल्यामुळे ती बिनविरोध निवडून आली आणि मतदान झालं नाही. यादीत सगळेच असल्याने कुणाचाही रंग घेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी करडा घेतला.